गोऱ्यांच्या राज्यात शिस्त होती म्हणे!

गेल्या डिसेंबरात केपटाऊनचे मामू गावी आले होते. मामू म्हणजे अम्मीचे चुलतभाऊ. त्यांचे वडील कोकणातून बोटीने गेलेले, मामूंचा जन्म मात्र तिकडचाच. कोकणातल्या मुसलमानांना केपटाऊन परकं नाही. मोर्बा, कालुस्ता, कर्जी अशा गावांतून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माणसं तिकडे गेली. टोपल्या घेऊन दारोदार भाजी-फळं विकली, मग दुकानं टाकली. कोकणातूनच गेलेल्या सूफी साहेबांनी डरबन आणि केपटाऊनला मशिदी-मदरसे उभे केले. आमच्या गावच्या मशिदीची फरशी केपटाऊनच्या पैशाची, मदरशाचा वरचा मजलाही. त्यामुळे मामू बोलायला लागले की ओटीवर बसलेली माणसं ऐकता ऐकता मान हलवत राहतात.

त्या संध्याकाळी मामू म्हणाले, "काळ्यांना राज्य चालवता येत नाही. गोऱ्यांच्या वेळी निदान शिस्त होती. लाईट जात नव्हती, रस्ते साफ होते, माणूस रात्री बाहेर पडू शकत होता."

सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. वरच्या मजल्याचं प्लास्टर अजून व्हायचं होतं, आणि मी कमिटीत आहे. त्या मान हलवण्याचा कफ्फारा म्हणून हे लिहितो आहे.

आधी त्या शिस्तीबद्दल बोलू. मामूंचं बालपण केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये गेलं. हे त्यांनीच मला लहानपणी सांगितलं होतं, फार रंगवून. एका गल्लीत मलायी मुसलमान, शेजारी ज्यू शिंपी, समोर भारतीय वाणी. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने हा भाग फक्त गोऱ्यांसाठी राखीव असल्याचं जाहीर केलं. पुढच्या काही वर्षांत तिथल्या सुमारे ६० हजार लोकांना उठवलं, घरांवर बुलडोझर फिरवले. मलायी आणि मिश्रवंशीय लोकांना वाळूच्या माळावर नेऊन टाकलं, भारतीयांना रायलंड्ससारख्या 'भारतीय विभागात'. मशिदी मात्र ठेवल्या. म्युर स्ट्रीटची मशीद आजही उभी आहे. आजूबाजूचा मोहल्ला सपाट झाल्यावरही लोक लांबून येऊन तिथे जुमा पढत राहिले. मामूंचं घर ज्या शिस्तीने पाडलं, तीच ही शिस्त.

लाईट जात नव्हती, हेही खरंच. जायला ती आधी असावी लागते. सोवेटोच्या शेजारी ऑरलँडोचं वीज केंद्र होतं. त्याचा धूर वर्षानुवर्षं सोवेटोने खाल्ला आणि वीज गेली जोहान्सबर्गच्या गोऱ्या वस्तीला. रात्री बाहेर पडता येत होतं, पण कोणाला? काळ्या माणसाला शहरात उभं राहायलाही खिशात पास लागायचा. आणि भारतीयांचं काय? ऑरेंज फ्री स्टेट या अख्ख्या प्रांतात भारतीयाने घर करायचं नाही, असा एकोणिसाव्या शतकातला कायदा होता. तो १९८० च्या दशकात जाऊन उठला. उतरंडीत आपण वरून दुसरे-तिसरे होतो. शाळेवरचा सरकारी खर्च सगळ्यांत जास्त गोऱ्या मुलावर, मग भारतीय, मग मिश्रवंशीय, आणि तळाला काळा मुलगा. आता ती उतरंड मोडली. मामूंना ज्याची आठवण येते, ती शिस्त नसून ही पायरी आहे, असं मला वाटतं. हे त्यांनाही ठाऊक असावं. म्हणूनच तर 'शिस्त' असा सोवळा शब्द लागतो.

आपल्यातही हे आहेच. इकडे जातीची उतरंड मोडण्याच्या गोष्टी आपण करतो आणि आफ्रिकन विद्यार्थ्याला खोली भाड्याने द्यायची वेळ आली की सोसायटीचे नियम काढून दाखवतो. पण तो विषय वेगळा.

मामूंची तक्रार अगदीच खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. ती खोटी नाही म्हणून तर राग येतो. दक्षिण आफ्रिकेची लोकशाही २७ एप्रिल १९९४ ची. माणसाच्या वयात मोजली तर तिशी नुकतीच ओलांडलेली. एवढ्या काळात त्या देशाने जगातलं एक उत्तम संविधान लिहिलं आणि त्याच संविधानाच्या छायेत सत्ताधारी पक्षाने सरकारी तिजोरी मित्रांसाठी उघडी टाकली. राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या नकांडला गावच्या खासगी घरावर सरकारी पैशातून पोहण्याचा तलाव झाला. तेव्हा पोलीस खात्याच्या मंत्र्यांनी देशाला समजावलं, की तो तलाव नाही, आग लागली तर विझवायला साठवलेलं पाणी आहे. सहारनपूरहून गेलेल्या गुप्ता बंधूंच्या घरच्या लग्नाचे पाहुणे घेऊन आलेलं विमान ३० एप्रिल २०१३ रोजी थेट वॉटरक्लूफच्या हवाईदल तळावर उतरलं. मंत्री कोण व्हावा, हे गुप्तांच्या घरी ठरत होतं, असे आरोप झाले. झोंडो आयोगाने चार वर्षं चौकशी करून त्यावर हजारो पानं लिहिली.

हे सगळं सरकारचं झालं. सरकारला शिव्या देणं ही तिथे आणि इथे सगळ्यांत स्वस्त करमणूक आहे. मला बोलायचं आहे ते शिव्या देणाऱ्यांबद्दल.

बिलांचाच प्रकार घ्या. १९८० च्या दशकात सोवेटोच्या लोकांनी घरभाडं आणि वीज-पाण्याचे पैसे भरायला नकार दिला. तो लढा होता, कारण पैसे घेणारं सरकार त्यांचं नव्हतं. १९९४ नंतर सरकार त्यांचं झालं. मंडेलांच्या सरकारने 'मसाखाने' नावाची मोहीम काढली आणि लोकांना विनवलं, की आता भरा. लोक तसे भरेनात. त्यात गरिबी आहे, बेकारी आहे, चुकीची बिलं आहेत, हे सगळं खरं. पण ज्यांना परवडतं, तेही लढ्याचं नाव पुढे करून भरत नाहीत, हेही तितकंच खरं. २०१९ च्या सुमारास एकट्या सोवेटोची वीज कंपनीकडची थकबाकी १८ अब्ज रँडच्या घरात गेली होती.

मामूंच्या वर्तुळातली माणसं हा आकडा तोंडपाठ सांगतात. पण डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्ग-प्रिटोरियाच्या महामार्गांवर इलेक्ट्रॉनिक टोल सुरू झाला, तेव्हा मोटारवाल्या मध्यमवर्गाने काय केलं? त्यांनीही पैसे भरले नाहीत. गोऱ्यांनी भरले नाहीत, भारतीयांनी भरले नाहीत, नव्या काळ्या मध्यमवर्गानेही भरले नाहीत. दहा वर्षं सरकार थकबाकीच्या नोटिसा पाठवत राहिलं आणि शेवटी एप्रिल २०२४ मध्ये टोलचे कॅमेरे बंद करावे लागले. त्या न भरण्याला मात्र नाव मिळालं नागरी असहकार. टोलविरुद्धचे मुद्दे चांगले होते, मी त्यांच्या बाजूचा आहे. पण झोपडीतल्याने न भरलेलं बिल ही चोरी आणि मोटारीतल्याने न भरलेला टोल हा सत्याग्रह, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात?

काळ्या वस्त्यांमधला दुटप्पीपणा याहून भयंकर आहे आणि त्याबद्दल गप्प बसणं म्हणजे उलटा वंशवादच. मे २००८ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रापासून सुरू होऊन देशभर परदेशी आफ्रिकन लोकांवर हल्ले झाले. ६२ माणसं मेली. मोझांबिकचे, झिम्बाब्वेचे, सोमालियाचे लोक. मेलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश तर दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. ज्या मोझांबिकने वर्णद्वेषाच्या काळात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या माणसांना आसरा दिला आणि त्यापायी १९८१ मध्ये मातोला इथे दक्षिण आफ्रिकी सैन्याचा हल्ला झेलला, त्याच मोझांबिकच्या मजुराला स्वतंत्र दक्षिण आफ्रिकेत जमावाने जाळलं. झांबिया, टांझानिया, झिम्बाब्वे, सगळ्यांनी या लढ्याची किंमत मोजली होती. आता सरकारी दवाखान्याच्या दाराशी टोळकी उभी राहून रुग्णांची ओळखपत्रं तपासतात आणि परदेशी बाईला बाळंतपणालासुद्धा आत सोडत नाहीत. पास तपासणारा गोरा शिपाई गेला आणि त्याच्या जागी पासने छळलेल्या बापाचा मुलगा उभा राहिला.

पण याच वस्त्यांमध्ये वेगळा विचार करणारी माणसंही निघाली, आणि ती काही विद्यापीठातून आलेली नव्हती. डरबनच्या केनेडी रोडच्या झोपडपट्टीत २००५ मध्ये 'अबाहलाली बासेम्जोंडोलो' ही झोपडीवासीयांची संघटना सुरू झाली. २००८ मध्ये आग पसरत असताना या लोकांनी जाहीर भूमिका घेतली, की परदेशी हा आमच्या गरिबीचं कारण नाही, आणि आपल्या वस्त्यांत त्यांना हात लावू दिला नाही. ज्यांच्याकडे वाटून घ्यायला सगळ्यांत कमी होतं, त्यांनी हे केलं. २००९ मध्ये याच संघटनेने झोपड्या हटवण्याच्या प्रांतिक कायद्याविरुद्ध घटनापीठापर्यंत जाऊन खटला जिंकला. २७ एप्रिलला देश स्वातंत्र्य दिन साजरा करतो, तेव्हा हे लोक 'अस्वातंत्र्य दिन' पाळतात. मला त्यांचा प्रत्येक मुद्दा पटतो असं नाही. पण शेजाऱ्यांसमोर उभं राहून 'तुम्ही चुकता आहात' म्हणायचं, म्हणजे त्याच नळावर उद्या पुन्हा पाण्याला जायचं असतं.

आपल्या लोकांची पाळी जुलै २०२१ मध्ये आली. न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल झुमा तुरुंगात गेले आणि क्वाझुलू-नाताळमध्ये लूटमार सुरू झाली. देशभरात साडेतीनशेहून जास्त लोक मेले. डरबनजवळच्या फिनिक्स या भारतीय वंशाच्या वस्तीत लोकांनी रस्ते अडवले, बंदुका काढल्या. पोलीस गायब होते, भीती खरी होती, दुकानं-घरं राखणं हा हक्क होता. पण त्या दिवसांत फिनिक्समध्ये ३६ माणसं मारली गेली, जवळपास सगळी काळी, आणि सगळेच काही लुटारू नव्हते. कोणी कामावरून घरी निघालं होतं. मामूंनी तेव्हा व्हॉट्सॲपवर किमान वीस व्हिडिओ पाठवले होते. सगळे लुटीचे. नाक्यावर मोटारीतून ओढून काढलेल्या माणसाचा एकही नव्हता. आम्हीही मागितला नाही.

आता जरा आपल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो.

२९ डिसेंबर २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेने गाझातल्या नरसंहाराबद्दल इस्राएलविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला. जगभरच्या मुसलमानांनी त्या देशाला डोक्यावर घेतलं. मीही घेतलं, आणि आजही मला तो निर्णय मोठा वाटतो. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री नालेदी पांडोर स्वतः मुसलमान, हे आपल्या ग्रुपवर किती वेळा फिरलं! मामूंचा संदेश होता, 'आपल्या देशाने करून दाखवलं.' आपल्या देशाने. जो देश काळ्यांना चालवता येत नाही, तोच. हेगला जाताना तो आपला असतो आणि लाईट गेली की त्यांचा होतो.

पण याच देशाच्या सरकारने जून २०१५ मध्ये काय केलं होतं, ते आपल्यापैकी किती जणांना आठवतं? सुदानचे राष्ट्राध्यक्ष उमर अल-बशीर परिषदेसाठी जोहान्सबर्गला आले होते. दारफूरमधल्या नरसंहाराबद्दल त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अटक वॉरंट होतं. देशातल्याच एका वकिलांच्या संस्थेने न्यायालय गाठलं. प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने हुकूम दिला, की यांना देशाबाहेर जाऊ देऊ नका. सरकारने त्यांना जाऊ दिलं. विमान उडालं ते त्याच वॉटरक्लूफच्या तळावरून, जिथे गुप्तांचे वऱ्हाडी उतरले होते. दारफूरमध्ये मेलेले फूर, मसालित, झगावा हे सगळे मुसलमान होते. काळे मुसलमान. मारणारं सरकार स्वतःला इस्लामी म्हणवणारं. तेव्हा आपल्या कुठल्या चौकात निदर्शनं झाली? कुठल्या खुतब्यात दुआ झाली? मला एकही आठवत नाही. मारणारा आपला असला की मरणारा आपला राहत नाही. गाझासाठीचं आपलं रडणं खरं आहे, पण दारफूरवरच्या मौनामुळे समोरच्याला त्यावर संशय घ्यायला जागा मिळते, आणि ती आपणच दिली आहे.

मौनाची ही सवय जुनी आहे. केपटाऊनच्या क्लेअरमाँटमधल्या स्टेगमन रोड मशिदीचे इमाम अब्दुल्ला हारून काळ्यांच्या वस्त्यांत जायचे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी गुपचूप पैसे पोहोचवायचे. २८ मे १९६९ रोजी त्यांना पकडलं. १२३ दिवस कोठडीत ठेवलं. २७ सप्टेंबरला ते मेले. पोलीस म्हणाले, जिन्यावरून पडले. अंगावर जखमा होत्या, बरगड्या मोडलेल्या होत्या. जनाज्याला हजारो लोक लोटले. पण त्या चार महिन्यांत शहरातल्या उलेमांची मोठी फळी गप्प होती. गोरं सरकार आपल्या नमाजेत ढवळाढवळ करत नाही, मग काफिरांच्या भांडणात आपण का पडावं, असा त्यांचा युक्तिवाद होता. इमाम हारून जिन्यावरून पडले नाहीत, पोलिसांच्या छळाने मेले, हे न्यायालयाने मान्य केलं ऑक्टोबर २०२३ मध्ये. ५४ वर्षांनी. आज त्यांचं नाव सगळेच घेतात. गप्प बसलेल्यांचे वारसदारही घेतात.

पुढच्या पिढीने मात्र शहाणपण दाखवलं. १९८३ मध्ये गोऱ्या सरकारने भारतीय आणि मिश्रवंशीयांसाठी संसदेत वेगळी सभागृहं काढली, म्हणजे काळ्यांपासून फोडून उतरंडीवर पक्की पायरी दिली. ऑगस्ट १९८४ च्या मतदानात नोंदलेल्या भारतीय मतदारांपैकी पाचातल्या एकानेच मत टाकलं. खुर्ची समोर आली होती आणि चौघांनी ती घेतली नाही. त्याच वर्षी फरीद इसाक आणि त्यांच्या सोबत्यांनी 'कॉल ऑफ इस्लाम' काढून मशिदीतून सांगितलं, की मजलूम गैरमुस्लिम असला तरी त्याच्या बाजूने उभं राहणं हा दीनचाच भाग आहे. मामू तेव्हा तिशीत होते. त्यांनी मत टाकलं होतं की नाही, हे मला विचारायचं राहून गेलं.

आणि अहमद कथ्राडा. सुरतेजवळच्या लाजपूरहून गेलेल्या घरातला मुलगा. रिव्होनिया खटल्यात मंडेलांबरोबर जन्मठेप, २६ वर्षं तुरुंग, त्यातली १८ रॉबेन बेटावर. आयुष्यभर पक्षाची शिस्त पाळली, पक्षाबद्दल बाहेर अवाक्षर काढलं नाही. ३१ मार्च २०१६ रोजी घटनापीठाने निकाल दिला, की नकांडला प्रकरणात राष्ट्राध्यक्षांनी संविधान पाळलं नाही. त्यावर ८६ वर्षांच्या या म्हाताऱ्याने झुमांना जाहीर पत्र लिहिलं, की आता पद सोडा. म्हातारपणी घरच्यांच्या विरोधात जायला काय लागतं, ते आपल्या वाडीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. झुमांनी पद सोडलं नाही. पुढच्या वर्षी कथ्राडा वारले. घरच्यांच्या इच्छेवरून झुमा जनाज्याला आले नाहीत, आणि माजी राष्ट्राध्यक्ष मोटलांथे यांनी तेच पत्र तिथे वाचून दाखवलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. जनाज्यात टाळ्या आपल्याला चालत नाहीत, मला ठाऊक आहे. त्या दिवशी चालल्या.

बबिता देवकरन यांना एवढं वय मिळालं नाही. गाउटेंग प्रांताच्या आरोग्य खात्यात त्या हिशेब पाहायच्या. टेम्बिसाच्या सरकारी रुग्णालयातले कोट्यवधी रँडचे संशयास्पद व्यवहार त्यांनी वरिष्ठांच्या ध्यानात आणून दिले. २३ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी घराबाहेर त्यांना गोळ्या घातल्या. मामूंच्या व्हिडिओंमध्ये त्यांचंही नाव नव्हतं.

झोंडो आयोगाचा अहवाल आल्यानंतर, मे २०२४ मध्ये, झुमांच्या नव्या पक्षाने देशभरात १४ टक्क्यांहून अधिक मतं घेतली आणि क्वाझुलू-नाताळमध्ये तर ४५ टक्के. संविधानापेक्षा संसद मोठी असावी, असं त्या पक्षाचं म्हणणं. ज्यांची शाळा, दवाखाना, वीज लुटली गेली, त्यांनीच ही मतं दिली, कारण माणूस आपला आहे. मामूंनी यावर फार हसून घेतलं. मलाही हसू आलं असतं. पण आमच्या तालुक्यात गेल्या तीन निवडणुका आम्ही कोणत्या हिशेबाने मतदान केलं, ते मला ठाऊक आहे, आणि मशिदीतून कोणाचं नाव सुचवलं गेलं, तेही.

मामू येत्या डिसेंबरात पुन्हा यायचे आहेत. प्लास्टर झालं आहे, आता खिडक्या राहिल्या आहेत. कमिटीने स्वागताचं भाषण माझ्यावर टाकलं आहे. हा लेख मी त्यांना परवाच व्हॉट्सॲपवर पाठवला. वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.